मिठाच्या खोलीत अकरा स्पीकर

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी लपवत नाही आणि कुणी विचारायची वाटही बघत नाही. आजोबा मिठागरात, बाबा मिठागरात. चुलतभावांनी न्हावा शेवा बंदरावर कंटेनरचे ट्रेलर धरले. मी मुंबईत बारा वर्षं दुसऱ्यांच्या स्टुडिओत दुसऱ्यांची गाणी मिक्स केली आणि स्वतःची खोली उभी करायला गावी परत आलो.

खोली आयतीच होती. घरामागे बाबांनी बांधलेली मिठाची खोली. मिठागर बंद पडल्यापासून तिच्यात मोडकी फावडी आणि फाटकी पोती होती. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, दार एकच, खिडकी नाही. ट्रेलर रस्त्यावरून गेला तरी आत कळत नाही. एकच तक्रार होती, भिंतींना फुटलेला लोणा. हात लावला की गिलाव्याचं पीठ व्हायचं. तो खरवडून काढला, भिंतींपुढे लाकडी चौकटीत आवाज शोषणारं रॉकवूल भरून कापड ताणलं. उजव्या भिंतीच्या बुडाशी मुठीएवढं भोक होतं, तेही रॉकवूल कोंबून बुजवलं. खाली जाड गालिचा, त्यावर चाकांची खुर्ची नीट फिरावी म्हणून प्लास्टिकची गुळगुळीत चटई.

मग स्पीकर. साध्या गाण्याला दोन पुरतात. मला चारी बाजूंनी आणि वरून ऐकू येणारं गाणं करायचं होतं. त्याला सात स्पीकर कानाच्या उंचीवर गोल मांडून आणि चार छताला, असे अकरा. कोपऱ्यात खर्जाचा एक डबा वेगळा. या सगळ्या खटाटोपाला मालक एकच, मधल्या खुर्चीतलं डोकं. प्रत्येक स्पीकरचा आवाज त्या डोक्याशी एकाच वेळी आणि एकाच जोरात पोचला पाहिजे. जवळच्याला थोडं थांबवायचं, लांबच्याला थोडं वाढवायचं. त्यासाठी डोक्याच्या जागी मोजणीचा माइक उभा करतात, एकेक स्पीकर वाजवून बघतात. मी तीन दिवस मोजलं. आकडे असे आले की फ्रेम करून पदवीशेजारी लावावेत.

आई दारातून बघून म्हणाली, "येवऱ्या स्पीकरात आख्ख्या गावाची हलद झाली असती. आन् ऐकनार तू एकटा?"

बाबा आलेच नाहीत. "तुज्या मशिनींत माजा काय काम," म्हणाले. मीही बोलावलं नाही. खरं सांगायचं तर हात लावतील म्हणून बोलावलं नाही.

पहिलंच काम मनासारखं आलं. मुंबईच्या एका संगीतकारानं आमच्याकडचे धवले रेकॉर्ड करून आणले होते. आमच्या लग्नांत धवलारीण ही गाणी म्हणते, बाकीच्या बायका मागे धरतात. त्यानं शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या धवलारणीला अंगणात बसवलं, भोवती आठ बायकांचा गोल केला आणि गोलात जागोजाग माइक उभे केले. मला ते असं मांडायचं होतं की ऐकणारा नवरीच्या जागी बसावा. धवलारीण बरोबर समोर, बायका दोन्ही अंगांनी आणि पाठीमागे, डोक्यावरच्या चार स्पीकरांत मांडवावरच्या नारळाच्या झापांची सळसळ. म्हातारीला एकट्या मधल्या स्पीकरमध्ये कोंडायचं मला पटलं नाही. डाव्या आणि उजव्या दोन्ही स्पीकरांतून तिला सारखं सोडलं. दोन्हीकडून सारखं आलं की आवाज मधोमध उभा राहतो.

चार दिवस खपून पाठवलं. त्याचा फोन आला.

"यार, मस्त आहे. पण बाई डावीकडे का बसल्यात?"

"मधे आहेत."

"नाहीत रे. माझ्याकडे डावीकडे सरकल्यात. नवरीवर रुसल्यासारख्या."

मी हसलो आणि परत ऐकायला बसलो. सकाळ होती. आणि खरंच, बाई थोड्या डावीकडेच होत्या. उजवीकडे घेतल्या, मधे आणल्या, पुढच्या कामाला लागलो. दुपारी ऐकलं तर त्या चांगल्याच उजवीकडे गेलेल्या. पुन्हा डावीकडे ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर परत डावीकडे.

माझ्यासारख्याला याचा एकच अर्थ लागतो. मोजणी बरोबर होती. ती मी आणखी दोनदा करून पाहिली, आकडा हलला नाही. खोली बरोबर, मशीन बरोबर, तर चुकतंय ते डोकं. सकाळी कान ताजा असतो तेव्हा ठीक, दुपारपर्यंत दमतो. डावा कमी ऐकतो, म्हणून सगळं उजवीकडे गेल्यासारखं वाटतं.

आणि डावा कान म्हटलं की आमच्या घरात हसण्यावारी जात नाही. बाबांचा डावा कान मी कळता झाल्यापासून बंद आहे. खाडीचं पाणी मिठागरात चढवायला डिझेलचं इंजिन होतं, त्याच्या उजव्या अंगाला बसून बाबांनी उमर काढली. इंजिन डाव्या कानाशी. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून, हे आमच्या घरात न शिकवता येतं. मी इंजिनाजवळ कधी बसलो नव्हतो. पण बारा वर्षं मोठ्या आवाजात काम केलं होतं, आणि भीती काही फिजिक्स विचारून येत नाही.

हेडफोन लावून दोन्ही कान तपासायला दोन मिनिटं पुरली असती. लावले नाहीत. लावले आणि खरंच निघालं तर? मला दुसरं काही येत नाही. ट्रेलर चालवता येत नाही, मीठ ओढता येत नाही. पदवी आहे, तिच्यावर कानाची हमी कुठे लिहिलेली नाही.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकदा जेवताना म्हणाली, "तुम्ही बाबांसारखी मान फिरवायला लागलात."

"कधी?"

"आत्ता. वरण वाढू का विचारलं तर उजवा कान पुढे केलात."

मग तिला सगळं सांगितलं. तिनं ताटावरून उठायच्या आत पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांकडे शुक्रवारची वेळ घेतली. इकडे संगीतकारानं तिसऱ्यांदा ऐकून सांगितलं, "बाई अजून रुसलेल्याच आहेत. गुरुवारपर्यंत बघ. नाहीतर मुंबईत दुसरीकडे करून घेतो, राग मानू नकोस." म्हणजे गुरुवारी काम जाणार आणि शुक्रवारी कान.

बुधवारी सकाळी बायको शाळेत, आई बाजारात, म्हणून चहा घेऊन बाबा आले. दारात चपला काढून पहिल्यांदाच आत आले. चहा माझ्या हातात देऊन म्हणाले, "गरम हाय तवर पी," आणि चौफेर बघत राहिले. तेवढ्यात संगीतकाराचा फोन वाजला. खोलीत रेंज नसते, मी कप घेऊन अंगणात गेलो. त्याला उद्याचं पक्कं सांगितलं. काय पक्कं, ते मलाच माहीत नव्हतं.

परत येऊन बघतो तर बाबा माझ्या खुर्चीवर मांडी घालून बसलेले. त्यांना खुर्चीत पाय सोडून बसता येत नाही, आमदाराच्या ऑफिसातही ते मांडी घालूनच बसले होते. पण खुर्ची मधे नव्हती. उजव्या बाजूच्या स्पीकरच्या स्टँडला टेकून उभी होती.

"बाबा, खुर्ची कशाला हलवलीत?"

"मी नाय हलवली. ही आपली चालते." माझ्याकडे बघून मिश्कील हसले. "हँडब्रेक नाय काय रं हिला?"

"चालते म्हणजे?"

"म्हंजे चालते! मी गप बसलू व्हतू. हलूहलू आली इकरं. तुज्या भावांचा ट्रेलर पन उतारावर असाच जातो."

मी कप खाली ठेवला. "कसला उतार?"

आता ते माझ्याकडे खरोखर आश्चर्यानं बघायला लागले. "जमिनीला. उतार हाय ना. मीच ठेवलाय. ओलं मीठ आनून टाकलं तर त्याचा पानी कुठं जानार? या भितीला जायाचा, आन् भोकातून भायेर." त्यांनी वाकून कापडाची चौकट चाचपली. "भोक कुठं हाय?"

"बुजवलं."

"बुजवलास?"

"आवाज आत येऊ नये म्हणून."

"मंग तुना म्हाईत असंल ना, भोक कनाला व्हता त्यो."

भिंतीच्या बुडाला भोक का असतं, एवढं विचारायला पदवी लागत नाही. उजव्या बाजूच्या प्रत्येक स्टँडच्या पायाखाली मी स्वतः पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या होत्या, आणि वाकडे स्टँड दिले म्हणून दुकानदाराला शिव्याही घातल्या होत्या.

"तुम्ही सांगितलं का नाहीत, बाबा?"

"तू इचारलास कवा? मना वाटला, शिकलेला हाय, बघितला असंल."

बाबा उठून घरात गेले आणि पारदर्शक नळीचं वेटोळं घेऊन आले. त्यात पाणी भरलं. एक टोक मला डाव्या भिंतीशी धरायला लावलं, दुसरं घेऊन ते उजव्या भिंतीशी गेले. दोन्ही टोकांत पाणी सारख्या पातळीवर थांबतं, तिथे त्यांनी खडूनं खुणा केल्या आणि खुणेपासून जमीन मापली. उजवीकडे चार बोटं जास्त भरली. "बराबर," म्हणाले. "तवा पन चारच ठेवली व्हती."

मग मी खुर्ची मधे आणली, चटईवर खडूनं तिची जागा आखली, बसलो आणि रोजच्यासारखं काम सुरू केलं. काम करताना पाय टेबलाच्या आडव्या पट्टीवर ठेवायची मला सवय आहे. बाबा बाजूला उकिडवे बसून नुसते चाकांकडे बघत होते. पाव तासानं म्हणाले, "दोन बोटं." अर्ध्या तासानं म्हणाले, "चार." मला काहीही जाणवलं नव्हतं. पण बाई उजवीकडे गेल्या होत्या.

डोकं चार बोटं उजवीकडे सरकलं की उजवा स्पीकर जवळ येतो, त्याचा आवाज आधी पोचतो आणि मधे उभी असलेली बाई त्याच्याकडे जाते. हे मी मुंबईत नव्या मुलांना शिकवलेलं आहे. मोजणीत का आलं नाही, तर माइक होता स्टँडवर, आणि स्टँडला चाकं नव्हती. सकाळी खुर्ची मधे ओढून बसायचो, दुपारपर्यंत ती सरकलेली असायची, म्हणून सकाळचा कान चांगला आणि दुपारचा वाईट. इतके दिवस खुर्ची उजवीकडे जात होती आणि मी बाईंना डावीकडे ओढत होतो.

म्हणजे कान शाबूत होता. मी हसायला लागलो. थांबेचना. बाबांना वाटलं, उतारावरून हसतोय.

"फोरून नवा कोबा करायचा काय?"

"नको. राहू दे उतार."

त्यांनी स्वयंपाकघरातली चार पायांची लाकडी खुर्ची आणली, उजव्या दोन पायांखाली फळीचे तुकडे तासून बसवले आणि वर नळीनं पुन्हा पातळी बघितली. मी त्या खुर्चीत बसलो, पहिल्यापासून वाजवलं. बाई डावीकडे होत्या. स्वच्छ डावीकडे, रुसून बसलेल्या. इतके दिवस संगीतकार सांगत होता, आता मला ऐकू आलं. वाईट मिक्स ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्यांना उजवीकडे आणलं आणि त्या समोर येऊन थांबल्या. दुपारी पाहिलं, तिथेच. चहानंतर पाहिलं, तिथेच.

गुरुवारी संगीतकाराचा फोन. "बाईंचा रुसवा काढलास. काय केलंस?"

"खुर्ची बदलली," मी म्हटलं. त्याला वाटलं मस्करी.

शुक्रवारची वेळ घेतलेलीच होती. बायको म्हणाली, जाऊन या, आणि बाबांनाही न्या, त्यांचा कान कुणी कधी बघितलाच नाही. डॉक्टरांच्या काचेच्या खोलीत बसण्याआधी मी वाकून खुर्चीखाली पाहिलं. चाकं नव्हती. माझे दोन्ही कान सारखे निघाले, वयाच्या मानानं चांगले. बाबांचा उजवा ठीक, डाव्यात फारसं काही उरलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आवाजानं गेलाय, मशीन लावलं तर थोडा फरक पडेल.

बाबांनी विचार केला. "नको. डाव्या अंगाला याची आय बसते," माझ्याकडे बोट करून डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर हसले. मीही.

परतताना मोटारसायकलवर बाबा मागे. त्यांना माझं बोलणं ऐकू यायचं तर त्यांचा उजवा कान माझ्या तोंडाशी हवा, म्हणून ते नेहमीसारखे माझ्या डाव्या खांद्यावरून पुढे वाकले होते. त्यामुळे ते जे बोलत होते ते थेट माझ्या डाव्या कानात. शेजारून ट्रेलर चालले होते, डोक्यावर हेल्मेट होतं, वारा होता. इंजिनाचं सांगत होते, कुठल्या साली आणलं, कसं फुकटचा धूर काढायचं, खोली बांधताना गवंड्याशी उतारावरून कसे भांडले. गाव येईपर्यंत थांबले नाहीत. माझ्याकडून त्यांचा एकही शब्द सुटला नाही.