एक तास निंदण

चाचांच्या वावराचा भाव विचारायला कोणी आलं, तर चाचा त्याला हाकलत नसत. हातात खुरपं देत. "आधी एक तास निंद बाबू, मंग बोलू." अंजनगावच्या बाहेरून मोठा रस्ता जाणार अशी बोलवा उठली, तेव्हापासून प्लॉटवाले दलाल रोज येऊ लागले. इस्त्रीच्या पँटीत ते चाचांच्या औषधी पानपिंपळीच्या वेलांत उकिडवे बसत आणि दहा मिनिटांत कंबर धरून उठत. चाचा हसत. "एवढ्यात थकला? अन् तीन एकर कायले मांगून राह्यला?"

माझं वावर त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. मला ते 'भाऊ' म्हणत. मी तिसरी शिकलेला, चाचा तेवढेही नाही. पण कागदाचा नाद त्यांनाच. सातबारा काढायचे आणि 'इतर हक्क'च्या रकान्यावर नेमकं बोट ठेवायचे. वाचता येत नव्हतं, जागा पाठ होती. "भाऊ, इथं विहीर लिवते, वाट लिवते. मंग हे वावर वावरच राहीन, हे काहून लिवत नाही?" जो नवा तलाठी येई, त्याला हेच विचारत. असं लिहिता येत नाही, एवढंच उत्तर मिळे.

शेवटी त्यांनी अमरावतीच्या वकिलाकडून स्टॅम्पपेपर करून आणला. धुऱ्याचे आम्ही सात जण. कागदात लिहिलं होतं, वावर विकलं तरी कास्तकारालाच विकू, त्यावर घर-दुकान उठू देणार नाही. सहा अंगठे पडले, त्यात चाचांचाही. मी अंगठा दिला नाही. मला सही येते. चाचांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. "भाऊची सही हाय. आता पक्कं झालं."

तहसीलचा बाबू कागद वाचून म्हणाला, "चाचा, याची नोंद होत नाही. तुम्ही पाळाल तोवरच हा कागद."

"पाळू ना. मंग काय आमी खोटे हाओत?"

पुढे बोंडअळीची वर्षं आली. बोंड फोडावं तर आत किडा. एकेकानं वावर विकायला काढलं. चाचा कोणाशी भांडले नाहीत. ज्यानं विकलं, त्याच्या दारावरून जायचं सोडलं, बस. बाजाराला जाताना त्यांचा फेरा लांबत गेला.

राहिलो आम्ही दोघं. तिसऱ्या वर्षी मी उभ्या कपाशीत नांगर घातला आणि मन मेलं. मीही वावर विकायचं ठरवलं. घेणारा म्हणाला, संत्र्याचा बगीचा लावतो. त्याचे चकचकीत बूट मला दिसत होते. तरी मी मानलं. मला मानायचंच होतं.

चाचांनी एकच विचारलं, "भाऊ, त्याले निंदाले लावलं होतं?"

"हो."

"पुरा तास?"

"पुरा तास."

"मंग ठीक हाय. कास्तकार असन."

आयुष्यात मी कोणापुढे मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी चाचांच्या चपलांकडे पाहत बोललो.

महिन्याभरात माझ्या काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा पडल्या. चाचा धुऱ्यावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. मी जवळ गेलो, तसे ते खुरपं उचलून आपल्या वावरात शिरले. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दारात बसून होतो. चाचा आले नाहीत. मागच्या गल्लीतून गेले. मग दोन वर्षं मागच्याच गल्लीतून. गुडघे दुखायचे त्यांचे.

ते गेले तेव्हा मी मातीला गेलो, पण मागेच उभा राहिलो. चाचांची पोरं अकोल्याला, जुन्या शहरात कापडाच्या दुकानात. चाळिसावा दिवस झाला आणि त्यांनी वावर विकलं. त्यांना तरी मी काय बोलू? पानपिंपळी होती तिथं मंगल कार्यालय झालं आहे. लग्नसराईत तिथं गाड्या लावायला जागा मिळत नाही.

जाताना मोठा मुलगा माझ्या हातात तो स्टॅम्पपेपर देऊन गेला. "काका, अब्बा सांगून गेले, हा कागद भाऊले देजा. त्याले वाचता येते."

कधी कधी काढून पाहतो. अंगठे पुसट झाले आहेत, कोणता कोणाचा ते कळत नाही. सही तेवढी साफ आहे.