कमानीला वळसा

अमेरिकेत जॉर्जियातलं आमचं हे कॉलेज फार जुनं, ब्लॅक मुलींसाठी काढलेलं. इथे एक दगडी कमान आहे. तिच्याखालून फक्त पदवी मिळालेल्या मुलींनी जायचं, बाकीच्यांनी बागेतून वळसा घालायचा. लायब्ररीत नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मी सरळ कमानीतून घुसले. शॉर्टकट दिसला की आपले पाय थांबतात थोडेच! मागून आवाज आला, "नो मॅम. नो, नो, मॅम."

त्या बाई ऐंशीच्या पुढच्या. जुने फोटो लावून ठेवायला लायब्ररीत येतात. सगळं दोनदा बोलतात, प्रत्येक मुलीला 'बेबी' म्हणतात, आणि गुडघे दुखत असले तरी रोज बागेतूनच फिरून येतात. मला वाटायचं, या तर इथेच शिकलेल्या, यांना कोण अडवणार? मग एका मुलीनं सांगितलं. त्या काळी शहरातल्या एका हॉटेलात ब्लॅक लोकांना बसू देत नसत. शेवटच्या वर्षाला असताना बाई तिथे जाऊन बसल्या. अटक झाली, आणि वडील त्यांना कायमचं घरी घेऊन गेले.

यंदा पदवीदानाला पांढऱ्या ड्रेसमधल्या मुली कमानीपाशी रांगेत उभ्या होत्या. दोघींनी बाईंचे हात धरले. "चला ना आमच्याबरोबर, प्लीज!"

"माझी परीक्षा राहिलीय, बेबी. राहिलीय." त्यांनी एकीची कॉलर नीट केली आणि काठी टेकत बागेकडे वळल्या.

बँड सुरू झाला. रांग जागची हलेना. बाई वळसा घालून पलीकडे पोचल्या, हात पसरून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पहिल्या मुलीनं पाऊल उचललं.