बाबूजींची अमेरिका, व्हाया डब्लिन

माझे सासरे डब्लिनच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा त्यांनी मुलीला जवळ घेतलं नाही की मला नमस्कार करू दिला नाही. पार्किंगमध्ये उकिडवे बसले, अंगठ्याने डांबर घासलं, अंगठा नाकाशी नेला आणि म्हणाले, "काम बरं हाये." मग उठून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माझं काम बरं असल्याचा शेरा अजून मिळायचा होता.

वानखडे बाबूजी विदर्भातल्या रस्त्यांवरचे निवृत्त ओव्हरसियर. सारी नोकरी मुरूम, गिट्टी आणि साइडपट्ट्यांत गेली. सासूबाई गेल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला होता: अमेरिका मोटारीने आडवी कापायची, शिकागोपासून थेट पलीकडच्या समुद्रापर्यंत. उंच इमारतींत त्यांना रस नव्हता. "इमारत काय, उभी राह्यते. रस्ता जाते," असं ते म्हणत. त्यांना रस्ते पाहायचे होते आणि रस्त्याकडेला लोकांनी हौसेने मांडून ठेवलेले वेडगळ प्रकार: जमिनीत नाक खुपसून पुरलेल्या मोटारी, तळ्यात बसवलेला सिमेंटचा निळा देवमासा. सगळं एका ड्रॉइंगशीटवर पेन्सिलीने आखलेलं होतं. शिकागोत राहणारा माझा मेहुणा सचिन गाडी चालवणार होता.

इथे मी मधे पडलो. मला कोणी विचारलं नव्हतं. मी बारा स्लाइडींचं प्रेझेंटेशन केलं, नाव 'अमेरिका, व्हाया डब्लिन', आणि व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना दाखवलं. आधी तीन आठवडे आमच्याकडे डब्लिनच्या सिटीवेस्टला या. इथून अमेरिका जवळ. शिवाय डब्लिनच्या विमानतळावरच अमेरिकेचं इमिग्रेशन होतं, तिकडे उतरून रांगच नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी स्लाइडमध्ये एक विमान उडवलं होतं. बाबूजींना रांगेची चीड. ते फसले.

त्यांची डब्लिनहून शिकागोची फ्लाइट २०२०च्या मार्चच्या मध्यावर होती. दोनच दिवस आधी अमेरिकेने जाहीर केलं की गेल्या चौदा दिवसांत ज्याने आयर्लंडमध्ये पाऊल ठेवलं आहे, त्याला प्रवेश नाही. नागपूरहून थेट गेले असते तर ते तेव्हा शिकागोत सचिनच्या सोफ्यावर बसलेले असते.

"जवाईबापू," बाबूजी अगदी शांतपणे म्हणाले, "ते इमान पुन्हा उडवून दाखवा बरं."

मग भारताची विमानंही बंद झाली. उन्हाळ्यात खास विमानं निघाली, तेव्हा मी उत्साहाने फॉर्म आणला. त्यांनी तो घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातला. "मी अमेरिकेले निघालो हाये. मधात अटकलो म्हून वापस जात नसतात."

विदर्भात जावयाला अरे-तुरे करत नाहीत. शत्रुत्व करायचं तर तेही मानाने करावं लागतं, आणि बाबूजींनी ते दीड वर्षाहून जास्त काळ निष्ठेने केलं. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेरच पडू नये असा नियम आला. इथे त्याला 'ककूनिंग' म्हणत, म्हणजे कोशात राहणं. ते मी त्यांना समजावून सांगितलं. "मी काय रेशमाचा किडा होय का?" ते म्हणाले. शेजारचा आयरिश म्हातारा कुंपणावरून ओरडला, "यू'ल बी ग्रँड!" इथल्या बोलीत त्याचा अर्थ, सगळं ठीक होईल. बाबूजी माझ्याकडे वळले. "ग्रँड म्हंजे मोठं. काय मोठं होनार हाये? इचारा त्याले."

माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, आणि त्यांची खुर्ची बरोबर माझ्या पाठीमागे. एकदा मॅनेजरसमोर मी नव्या वर्षाचा रोडमॅप, म्हणजे कामाचा आराखडा, मांडला. मांडून झाल्यावर माइक बंद केला अशी माझी समजूत होती. मागून आवाज आला, "चार महिने झाले, रोज रोडमॅप रोडमॅप करते हा मानूस. याच्यात एक तरी रस्ता हाये का?" टीममधला नागपूरचा पोरगा इतका हसला की त्याला कॅमेरा बंद करावा लागला. पुढे आठवडाभर तो मला साइडपट्टी किती फुटांची ठेवायची ते विचारत होता.

घरालाही ते नावं ठेवत. येता-जाता त्यांचा खांदा चौकटीला लागे, चहाचा कप टेबलाच्या काठावरून पडे. "दरवाजे अरुंद हायेत तुमचे." मी हट्टाला पेटलो आणि एका रविवारी मेजरिंग टेप आणून त्यांच्यादेखत दरवाजा मोजून दाखवला. आकडा ऐकून त्यांनी चौकटीची कड हाताने चाचपून पाहिली. मला वाटलं, जिंकलो. डोळ्यांत ते रोज थेंब घालत. कोरडे पडतात, असं आम्हाला सांगितलं होतं. थेंबांसाठी मी त्यांना दवाखान्यात नेई, पण तेव्हा पेशंटखेरीज कोणाला आत सोडत नसत. मी बाहेर गाडीत बसून रेडिओ ऐकत असे.

सप्टेंबरमध्ये अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. सासऱ्याने त्याला पाटावर बसवून, धोंडे खाऊ घालून, दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. बाबूजींचा जीव तिथे अडकला. जावई नकोसा, पण रीत चुकवणार नाहीत, कारण मुलीच्या सौभाग्याचा प्रश्न. माझी बायको मीनल पुरण शिजवताना हसू दाबून दाबून लाल झाली होती.

अनारसे कुठेच मिळेनात. बाबूजींनी मला बोलावलं. "अनारसा नसन तर दुसरं काई आना. जायीदार पाह्यजे. वानाले भोकं लागतात." मी सुपरमार्केटात गेलो आणि विचारपूर्वक पाच पाकिटं क्रम्पेट घेऊन आलो. क्रम्पेट म्हणजे जाड, मऊ, वरून भोकाभोकांचा इंग्रजी नाश्ता. दिसायला अनारशाने वजन वाढवल्यासारखा. बाबूजींनी पाकिटावरची बारीक अक्षरं डोळ्यांशी नेऊन वाचायचा प्रयत्न केला, मग मीनलला वाचायला लावली. अंडं नव्हतं.

तर मी, वय एकेचाळीस, सिटीवेस्टच्या घरात बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलो, आणि माझ्या सासऱ्यांनी दात आवळून माझं औक्षण केलं. कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं. मला वाटलं, मुद्दाम. तांब्याच्या ताटात तेहतीस क्रम्पेट आणि त्यांवर निरांजन. वाण हातात देताना त्यांनी ताट सोडलं नाही. मी एका बाजूने ओढतोय, ते दुसऱ्या.

"आज तुमी इष्णू," ते म्हणाले. "इष्णूले वर मांगता येते."

"मागा की बाबूजी," मी ऐटीत म्हणालो.

"माह्या डोळ्यात काचबिंदू हाये. कडेकडेचं दिसनं गेलं. मधातलं राह्यलं आता, नळीतून पाह्यल्यावानी. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पाहाचं ते दोन सालात पाहून घ्या. त्यातले सात महिने तुमच्या घरात गेले. मले अमेरिकेले पोचवा."

मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं. मला तो मेजरिंग टेप आठवला.

रात्र संपायच्या आत मी चार स्लाइडी केल्या. काही लोक चौदा दिवस मेक्सिकोत काढून तिथून अमेरिकेत शिरत होते. बाबूजी सकाळी स्लाइडी न पाहताच बॅग भरायला उठले. मीनलने लॅपटॉप मिटला. "एकाहत्तर वर्षांचा माणूस या साथीत पंधरा दिवस अनोळखी देशात एकटा? तुझ्या बाबांना पाठवशील?" मी पाठवलं नसतं. माझ्या वडिलांना तर मी फोनवरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही जाऊ देत नव्हतो.

"इष्णू बायकोले भेते," बाबूजी म्हणाले आणि बॅग उघडून शर्ट एकेक करून परत कपाटात लावले. त्यानंतर चार महिने ते माझ्याशी फक्त मीनलमार्फत बोलले. मी समोर बसलेलो असताना. "मीनल, त्याइले म्हन मीठ द्या."

अमेरिका उघडली ती पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. विमानतळावर, ज्या इमिग्रेशनचं मी इतकं गुणगान केलं होतं तिथे, रांग दूरवर गेली होती. बाबूजी माझा हात झटकून निघाले आणि दोरीच्या खांबाला धडकले. त्या खांबाला म्हणाले, "सॉरी." मग मागे न वळता रांगेत शिरले.

आठवड्याभराने, संध्याकाळी मी भांडी विसळत असताना, फोन आला. कॅन्सस. सचिनने कॅमेरा वळवला. एका पत्र्याच्या शेडखाली घराएवढा सुतळीचा गुंडा, आणि त्याच्यापुढे मफलर गुंडाळलेले बाबूजी.

"जवाई, हा कोठी संपते ते सांगा."

"सचिन शेजारीच आहे ना, बाबूजी?"

"तो म्हन्ते, मस्त हाये, एक नंबर हाये. मी रडीन म्हून भेते तो. तुमाले माह्यासाठी खोटं बोलाची गरज नाई."

मी ओल्या हातांनी फोन धरला आणि सांगू लागलो. मस्त वगैरे काही नाही, बाबूजी. मळकट आहे, शेणाच्या ढिगासारखा. डावीकडे सरका, अजून दोन पावलं, अजून एक. इथे संपला. आता परत उजवीकडे. ते माझ्या सांगण्याबरहुकूम चालत होते. दीड वर्षाहून जास्त काळ एका घरात काढून त्यांनी माझं ऐकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एक धागा सुटलाय," मी म्हणालो.

"कोठी?"

"गुडघ्यापाशी."

ते वाकले. हात सुतळीवरून चाचपडत निघाला, धाग्याच्या वरून गेला, पुन्हा वरूनच गेला.

"खाली, बाबूजी! अजून खाली!"

"बोंबलू नका," ते म्हणाले. "ऐकू येते मले."