जमीन वर चढली त्या पहाटेविषयी

दुपारचं जेवण झाल्यावर उर्मिला बिराजदार तंबूतल्या खाटेवर आडवी होते. हिमाचलच्या पायथ्याचं हे गाव थंडीनं आखडलं आहे. डोळे जड होतात, तरी डोक्यात एकच घोळ चालू आहे. संध्याकाळी गावचे प्रधान, म्हणजे इथले सरपंच, येणार आहेत. नवी शाळा ओढ्याकाठच्या सपाटीवर बांधायची की नाही, ते भूगर्भ अभ्यासणाऱ्या या बाईंनी सांगायचं आहे. तिनं खणलेल्या चरात जुनी खडी वर आणि नवी माती खाली दिसते. म्हणजे कधीतरी भूकंपात इथली जमीन सरकली आहे. पण गावाकडे दुसरी सपाट जागा नाही, आणि तसा धक्का पुन्हा कधी बसेल हे कुणीच सांगू शकत नाही. हरकत नाही, असं म्हणून टाकावं का?

तंबूचं कापड फडफडायचं थांबतं. ती चरात उतरते. चराची बाजू हळूहळू काळ्या दगडांची होते, दगडांमध्ये मातीचा गिलावा दिसू लागतो, आणि ती मराठवाड्यातल्या आपल्या घराच्या ओसरीवर उभी असते.

"उर्मे, काय करायलीस इथं?"

मन्मथअण्णा, तिचा थोरला भाऊ, गोधडीवर बसलेला आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात गेला तेव्हा होता तेवढाच, विशीतला. ती त्या दिवशी लातूरला मावशीकडे होती, म्हणून वाचली. आता तिचेच केस पिकलेत.

"जमीन बघतेय, अण्णा."

"तेच इचारायचं होतं तुला. त्या पहाटे जमीन फाटली का गं? आपण खाली गेलो का?"

इतकी वर्षं हा हेच धरून बसलाय, असं तिच्या मनात येतं.

"नाही रे. जमीन वर चढली. ऊठ, दाखवते."

दोघं गोधडीच्या दोन टोकांना बसतात. "लोट माझ्याकडं. सावकाश."

"हलंना की."

"हलत नाहीच. दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरून बसतात. वरून काही कळत नाही, आत ताण साठत जातो. पिढ्यान् पिढ्या."

"अन् मग?"

मधोमध फुगलेली गोधडी एकदम सुटते. अण्णाकडची बाजू तिरकी सरकत तिच्या बाजूवर चढून बसते. आता गोधडी म्हणजे नांगरलेलं रान आहे, रानाच्या कडेला शाळेचा वर्ग आहे, आणि दोघं फळ्यासमोर बसलेले आहेत. दाराबाहेर पोरांच्या चपला पडल्या आहेत. पोरं कुठंच नाहीत.

"किती चढली?"

"आपल्याकडं? गुडघाभर."

"एवढीच?" तो आपल्या गुडघ्याशी हात धरून मोजतो. "एवढ्यानं आम्ही गेलो?"

"जमिनीनं नाही, अण्णा. भिंतींनी."

"ओसरीची भिंत मीच रचली होती. उन्हाळ्यात."

"तुला कुठं माहीत होतं? कुणी सांगितलंच नव्हतं."

तो तिच्याकडं बघतो. रागानं नाही, लहानपणी गणित चुकल्यावर बघायचा तसं.

"तुला तर माहीत हाय."

ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. केसांत आदल्या रात्रीच्या गणपती विसर्जनाचा गुलाल तसाच आहे. तो मान खाली घालून तिला हात फिरवू देतो.

"मॅडमजी?"

तंबूबाहेर प्रधान उभे आहेत. उर्मिला उठते, शाल ओढून घेते आणि बाहेर येते. ऊन डोंगराआड चाललं आहे.

"प्रधानजी, इथं शाळा नको," ती सांगते. "जागा वरच्या अंगाला शोधू. नाही मिळाली तर पुन्हा शोधू. मी थांबते तोवर."

प्रधान काहीतरी बोलायला तोंड उघडतात. मग त्यांची नजर तिच्या उजव्या हातावर थांबते. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना गुलाबी रंग बसला आहे.

"होळीला तर अजून पुष्कळ अवकाश आहे, मॅडमजी," ते म्हणतात.