नाटकात ऐकलेली आमची चाल

परवा बाजारच्या दिवशी आमच्या जुन्नरात नाटक कंपनीचा दुपारचा प्रयोग होता. मी कागद करणारा माणूस, नाटकाच्या वाटेला कधी गेलो नाही... पण घरात बोलायला कोणी नाही, म्हणून तिकीट काढून मंडपात बसलो.

या संगीत नाटकांत पदं नवी असली तरी चाली बहुधा लोकांच्या ओठांवरच्याच असतात. एखादी लावणीची, एखादी कीर्तनातली. लोक दोन ओळींत ओळखतात आणि खूष होऊन माना डोलावतात.

तिसऱ्या अंकात नायिका रुसून बसली, पेटीवर सूर निघाले आणि माझा पाय आपोआप ताल धरायला लागला. कागदाचा लगदा कुटताना मी आणि मला 'भाई' म्हणणारा माझा धाकटा भाऊ इस्माईल जी चाल गुणगुणायचो, तीच ही! आम्हा दोघांशिवाय ती कोणाला ठाऊकच नव्हती.

इस्माईल पाच वर्षांपूर्वी पेटीच्या नादानं एका कंपनीबरोबर गेला. निघताना मी बोललो होतो, "गेलास तर पुन्हा या दारात पाय ठेवू नको." त्यानंतर ना चिठ्ठी, ना निरोप...

मंडपात 'वन्स मोअर'चा गलका झाला. पद तीनदा झालं. सगळे टाळ्या पिटत होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो.

पडदा पडल्यावर मागं गेलो. पदं रचणारे कवी पान लावत बसले होते.

"राव, ती रुसव्याच्या पदाची चाल कुठनं आणली तुमी?"

"आमच्या पेटीवाल्याची, इस्माईलची. गुणी माणूस! पण जुन्नरचा मुक्काम ठरला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनी सोडून गेला. कारणही सांगितलं नाही."

कारण मला माहीत होतं.

"मी थोरला भाऊ त्याचा," एवढंच म्हणालो. "आता कुठं हाय तो?"

"ठाऊक नाही हो."

मग कवींनी पदांचं छापील पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं प्रत्येक पदावर मूळ गाण्याचे पहिले शब्द छापून चाल सांगितली होती. आमच्या चालीला शब्दच नव्हते... म्हणून छापलं होतं, 'चाल – भाई कागद कुटतो.'

"त्यानंच लिहायला लावलं," कवी म्हणाले.

मी घरी जाऊन एक चांगला ताव काढला. लिहिलं, 'इस्माईल, चूक माझी व्हती. घरी ये.' परत मंडपात जाऊन चिठ्ठी कवींच्या हातात दिली. कंपन्यांची माणसं एकमेकांना भेटतात, कोणाकरवी तरी पोचवू, असं म्हणून त्यांनी ती जपून ठेवली.

काल कंपनीच्या गाड्या नारायणगावच्या रस्त्यानं निघून गेल्या. घर पुन्हा तसंच आहे, रिकामं...

चिठ्ठी पोचेल, न पोचेल. पण पाच वर्षं मला वाटत होतं, त्यानं मला मनातून काढून टाकलंय. तसं नव्हतं. अल्ला त्याला असेल तिथं खुशाल ठेवो.