काकडीच्या चकत्यांखालची झोप

"झोप कुठं सांडून आली गं बाई?" असं म्हणत पार्लरच्या बाई समोर बसलेल्या बाईची हनुवटी दोन बोटांनी धरायच्या आणि तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवायच्या. घोडेगावात एस.टी. स्टँडजवळच्या एका माडीवर त्यांचं पार्लर होतं.

मी पंचायत समितीत कामाला. दिवसभर कॉम्प्युटर, आणि घरी दात येणारं लेकरू. माझ्या डोळ्यांखाली इतकं काळं झालं होतं की शिपाईसुद्धा विचारायचा, "मॅडम, बरं नाय का?" शेवटी ती माडी चढले. वाटलं, आता एखादी महागडी क्रीम गळ्यात पडणार. त्यांनी काकडीच्या गार चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि विचारलं, "नवरा उठतो का लेकरासाठी?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग तुला काय लावू? त्यालाच पाठवून दे!"

तो गेला नाही, पण मी निरोप पोचवला. लाजला बिचारा, आणि खरंच उठायला लागला.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगणाऱ्या बाईचे डोळे कसे असतील? तर त्यांच्याही डोळ्यांखाली चांगली गडद वर्तुळं होती. कुणी बोट दाखवलं की ऐटीत सांगायच्या, "ही माझ्या बापाची. जमीन भावांकडं गेली, ही माझ्याकडं आली. मी न्हाई झाकत."

एका रविवारी मी बाकावर नंबर लावून बसले होते, तेव्हा पेठ गावची एक नवरी आली. त्याच संध्याकाळी घोडेगावात तिचं लग्न. साखरपुड्यात सासू म्हणाली होती, "पोरगी आजारी-बिजारी नाय ना?" ते ऐकल्यापासून तिला झोप नव्हती, आणि झोप नव्हती म्हणून डोळ्यांखालचं काळं वाढतच चाललं होतं. "झाका काहीबी करून," म्हणताना तिचा आवाज रडवेला झाला.

त्यांनी तिला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर चकत्या ठेवल्या आणि कपाळावरून हात फिरवत राहिल्या. पाहता पाहता पोरगी घोरायला लागली.

खाली भाऊ गाडीचा हॉर्न वाजवत होता. मग आत्या वर आली. "अवो, मेकप कधी व्हायचा? पावणं खोळंबल्यात!"

"पावण्यांना चहा पाजा. पोरगी झोपलीय." त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

शेवटी खुद्द सासूबाई जिना चढून आल्या. मी बाकावर अंग चोरून बसले. आता काही खरं नाही! पण पार्लरच्या बाई बाजूला सरल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमीच बघा."

नवरीचं तोंड उघडं होतं. एक चकती घसरून गालावर आली होती. सासूबाई बघत राहिल्या. "माझं बोलणं लई लागलं व्हय हिला?"

"आठ दिस झोपली न्हाई."

सासूबाईंनी खिडकीतूनच खाली हाक दिली, "अरे, लाईट गेलीय इथं! वाट बघा जरा!" आणि डोक्यावर पंखा गरगर फिरत असताना त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. आम्ही तिघी तोंडावर पदर, ओढणी, टॉवेल, जे हाताला लागेल ते धरून हसत होतो.

नवरी जागी झाली आणि सासूला बघून ताडकन उठली. "बस गं," सासूबाई म्हणाल्या, "आन् ते काळं-बिळं राहू दे. जास्त थापू नका वो तिला." अक्षता पडायला उशीर झाला. पण स्टेजवर ती नवरी अशी टवटवीत हसत होती, की डोळ्यांखाली कुणाचं लक्षच गेलं नाही.

पुढे पार्लरच्या बाईंची मुलगी बाळंत झाली आणि त्या कायमच्या राजुरीला, तिच्या घरी निघाल्या. आम्ही ऑफिसातल्या बायका निरोपाला गेलो. टेम्पोत पुढे जागा असूनही त्या मागे, सामानातल्या पार्लरच्या फिरत्या खुर्चीतच बसल्या होत्या. गाडी हलली तशी खुर्ची गर्रकन फिरली. आमच्याकडे त्यांची पाठ झाली. हसता हसता त्यांनी पायाने फळी रेटून खुर्ची परत आमच्याकडे वळवली आणि टेम्पो वळणाआड जाईपर्यंत दोन्ही हात हलवत राहिल्या.