बनाबाईचा खळीचा दोरा

मेंढीच्या पोटात काय आहे, हे बनाबाईच्या हाताला कळायचं. चाळीस वर्षं वळसंगच्या माळावर मेंढरं राखलेली बाई. फुगलेल्या पोटावर टिचकी मारली की मेंढीने वारा धरलाय की आत कोकरू आहे, हे ती न बघता सांगायची. चोपन्नाव्या वर्षी तिचं स्वतःचं पोट डाव्या अंगाला वाढू लागलं, तेव्हा पहिली टिचकी तिनेच मारली. आवाज भरीव आला.

"ह्यो वारा न्हाय," ती सुनेला, सोनालीला म्हणाली.

घरात ते कोणी मनावर घेतलं नाही. थोरला दीर धुळाप्पा म्हणाला, वय झालं की पोट सुटतंच. नळावर शेजारच्या शिवबाईने विचारलं, "बने, बारसं कदी?"

"तू पाळणा आण, मग सांगते," म्हणून बनाबाईने घागर उचलली.

सोलापुरात एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पोटाचा टीबी धरून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू केल्या. तुकडा काढून तपासला नव्हता. पोटात गोळा दिसला की आधी टीबीच आठवावा, इतका तो ओळखीचा. बनाबाईने गोळ्या नेमाने घेतल्या. मात्र पहिली गोळी घेतली त्याच अमावस्येला तिने आणखी एक काम केलं. घोंगडीच्या उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. वाळल्यावर तो ताणला जात नाही. तसा एक दोरा तिने बेंबीवरून कमरेभोवती घेतला आणि टोक भिडलं तिथे काळ्या लोकरीचा वेढा घातला. पुढे दर अमावस्येला, सकाळी उपाशीपोटी, हेच.

चौथा वेढा पहिल्याच्या चार बोटं पुढे पडला. दंड वाळले, चोळी ढिली झाली, पोट मात्र वाढतच होतं. डॉक्टरांनी धीर धरायला आणि औषध पुरं करायला सांगितलं. धुळाप्पाचंही तेच, वर तो म्हणाला, मेंढरं राखणारीला डॉक्टरपेक्षा जास्त कळायला लागलं का.

"पोट डॉक्टरचं न्हाय, भावजी. माजं हाय."

दुसऱ्या दिवशी मुलाला, अजिनाथला, घेऊन ती दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर सिद्धेश्वरी अक्कलकोटकडच्या. त्यांनी पोट चाचपलं, मग एक बोट पोटावर ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकून पाहिलं.

"तुमी बी टिचकीच मारता की," बनाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. दोरा पुढे आला तेव्हा मात्र त्यांनी शंका काढली, की लोकर ताणली जाते, तिच्यावर कसा भरवसा ठेवायचा. बनाबाईने दोऱ्याची दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "वढून बगा."

त्यांनी ओढला. दोरा तसूभर वाढला नाही. मग टेबलावरची टेप घेऊन त्यांनी पहिल्या आणि चौथ्या वेढ्यातलं अंतर मोजलं. सात सेंटीमीटर, तीन महिन्यांत. त्यांचं हसू गेलं. त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला, आणि त्या आठवड्यात सुईने तुकडा काढून तपासायला गेला.

टीबी नव्हता. आतड्यांच्या मागे चरबीच्या पेशींचा कर्करोग वाढला होता. त्याचं नाव लायपोसार्कोमा. फार थोड्यांना होतो, म्हणून चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. औषधाने विरघळणारी गाठ नाही, अख्खीच काढावी लागेल. डावी किडनी तिच्यात गुरफटली आहे, तीही जाईल. ऑपरेशनच्या टेबलावर जिवाला धोका आहे, आणि गाठ ठेवली तर तो आहेच.

संमतीचा कागद अजिनाथच्या हातात दिला. काकाला विचारून सांगतो, म्हणाला. बनाबाईने कागद काढून घेतला आणि शाईचा पॅड पुढे ओढला.

"काकाला काय इचारतूस? पोट माजं, अंगठा माजा."

शस्त्रक्रिया सहा तास चालली. गाठ साडेपाच किलोची निघाली. शुद्धीवर आल्यावर बनाबाईने ती बघायला मागितली. गाठ तपासायला गेली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ न्याहाळला. "दोन कोकरांचं वजन," ती म्हणाली. "फुकट वागवलं."

बनाबाई घरी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. ही गाठ परत येऊ शकते, दर चार महिन्यांनी स्कॅन करायचा. तो दोरा फाइलमध्ये ठेवू का, असं त्यांनी विचारलं. तिने दिला नाही. फोटो घ्या म्हणाली.

तीन महिन्यांनी तिने काठी उचलली, तेव्हा धुळाप्पा दारात आडवा झाला. एका किडनीची बाई माळावर कशाला, आता घरात बसायचं.

"बसले असते तर तुमी माजं तेरावं जेवला असता की, भावजी."

तो बाजूला झाला. अमावस्या होती. सकाळीच तिने नव्या दोऱ्यावर तिसरा वेढा घातला होता, आणि तो बरोबर पहिल्या दोन वेढ्यांवर बसला होता. दोरा मनगटाला गुंडाळून ती मेंढरांमागे माळाला लागली. स्कॅनला अजून महिना होता.